वृश्चिक राशीचे दहा विद्वान

भर दुपारच्या शांततेत ओटीवर अडकित्ता ‘कट्’ असा वाजला, आणि माजघरात पाळण्याची दोरी धरून बसलेल्या कुमुदला कळलं, निकाल लागला.

त्या घरात निकाल असेच लागत. कुठलाही प्रश्न पुढे आला की तिचे सासरे, तात्या, पानाचा डबा ओढून घेत, सुपारी अडकित्त्यात धरत आणि गप्प बसत. मग घटकाभर कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. सुपारी फुटली की प्रश्न संपला. तात्यांनी अठ्ठावीस वर्षं सरकारी कारकुनी केली होती. आता पेन्शन घेऊन ते नागावला पोफळीची वाडी सांभाळत, पण मनानं अजून खुर्चीतच होते. वाडीतल्या रहाटाचा बैल आजारी पडला तरी ते आधी त्याचा मागला इतिहास विचारत.

आजचा प्रश्न निमीचा होता. निमी म्हणजे कुमुदची थोरली, सहा वर्षांची. दसऱ्याला तिच्या हाती पाटी देऊन तिला शाळेत घालावं, असं कुमुदच्या फार मनात होतं. तिनं नवऱ्याला विचारलं, तर विश्वंभर म्हणाला, “बघू.” त्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘तात्यांना विचारू’ असा होता. तात्यांनी अनंतभटांना बोलावलं, अनंतभटांनी निमीची पत्रिका उलगडली आणि मान हलवली.

“वृश्चिक रास. नांगी आहे, विद्या नाही.”

हे कुठल्या ग्रंथात सांगितलंय ते त्यांनी सांगितलं नाही. जेवण झाल्यावर ते ग्रंथाचं नाव सांगत नसत.

“मग शाळा कशाला?” सुपारी फोडून तात्या म्हणाले. “घरी शिकेल काय ते.”

कुमुद सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, पद्धत होती. जे सांगायचं ते निमीला सांगायचं, निमीनं चार पावलं चालून ओटीवर जायचं आणि आजोबांनी, दाराआडून सगळं आधीच ऐकलेलं असताना, ते पुन्हा नव्यानं ऐकायचं.

“निमे,” कुमुद म्हणाली, “आजोबांना विचार, वृश्चिक राशीचं आजवर कुणीच का शिकलेलं नाही?”

निमीला निरोपातला चोथा टाकून गर सांगायची सवय होती. ती ओटीवर गेली आणि म्हणाली, “आजोबा, आई म्हणते भटजींना काही येत नाही.”

अनंतभटांनी उपरणं झटकलं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना राग आला नव्हता. हद्दीत रीतसर तक्रार दाखल झाल्याचा आनंद झाला होता.

“तोंडी तक्रार आम्ही घेत नाही,” ते दाराकडे बघत निमीला म्हणाले. “लेखी द्या म्हणावं. वृश्चिक राशीचे दहा विद्वान, नावनिशीवार, पुराव्यासह. मुदत दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत. दहा भरले तर मुलगी शाळेत. नऊ भरले तर नाही.”

दसरा तीन आठवड्यांवर होता.

कुमुदनं त्याच दुपारी काम सुरू केलं. तिच्याजवळ कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि वेळ म्हणजे बाळ निजला आणि निमी वाडीत गेली तर त्या मधल्या भेगेएवढी. भाताला आधण येईतो एक ओळ. बाळ कुशीत दूध पिता पिता डोळे मिटत आला की, त्याच्या मुठीतून पदर हळूच सोडवून दुसरी. कितीदा तर टाक दौतीत बुडवावा आणि पाळण्यातून हुंकार यावा; मग एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातानं लिहिलेलं अक्षर पाळण्यासारखंच झुलत जाई.

पहिली मदत विश्वंभराची झाली. तो अलिबागेस एका कचेरीत कारकून होता आणि रोज सायकलीवरून जाऊन येऊन असे. तिथल्या हेडक्लार्कांकडे एक विलायती पंचांग होतं. त्यावरून त्यानं वृश्चिकेची नावं उतरून आणली. त्यात पॅरिसच्या क्युरीबाई होत्या. बाईमाणसानं शास्त्रात दोनदा जगातलं मोठं बक्षीस मिळवलं, हे वाचून कुमुदनं ते नाव सगळ्यांच्या वर लिहिलं, आणि चुलीवरची आमटी खाली लागली.

यादी संध्याकाळी तात्यांकडून परत आली. समासात तांबड्या शाईचा शेरा होता: ‘ही सूर्याची रास. आपल्याकडे चंद्राची चालते. सूर्याची धरल्यास निमी माघातली, सबब कुंभेची होते. मग वृश्चिकेशी अर्जदाराचा संबंध काय? परत.’

म्हणजे यादीतले सगळे वृश्चिक आणि एकटी निमीच तेवढी बाहेर. क्युरीबाईंवर रेघ ओढताना कुमुदला वाईट वाटलं. यादीत तेवढी एकच बाई होती.

चंद्राची रास काढायची तर जन्मवेळ हवी. कुमुदनं पुण्याच्या एका पंचांगकर्त्यांना कार्ड टाकलं की, थोर विद्वानांपैकी वृश्चिक राशीचे कोण ते कृपा करून कळवावं. आठ दिवसांनी छापील उत्तर आलं: ‘जातकांची जन्मवेळ व जन्मस्थळ कळवावे. जातकाने स्वतःच्या हस्ताक्षरात विचारणा केल्यास काम लवकर होईल.’ आता याज्ञवल्क्यांचं हस्ताक्षर कुठून आणायचं? पोस्टमननं कार्ड द्यायच्या आधी ते वाटेत तिघांना वाचून दाखवलं होतं, त्यामुळे विहिरीवर जाईतो कुमुदच्या नावाचा बोभाटा झाला होता.

“काय गं, जातक सापडले का?” शेजारच्या वाडीतल्या मनुबाईंनी कळशी खाली ठेवत विचारलं. मनुबाईंना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक तोड ठाऊक असे, आणि ती ऐकल्याशिवाय पुढच्याची कळशी भरू देण्याची त्यांची रीत नव्हती.

“कुठले सापडतात, काकू. कुणाचीच वेळ लागत नाही.”

“वेळ हवीय कशाला? पत्रिका हरवलेल्या पोरींची लग्नं अडून राहतात वाटतं? नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास धरतात आणि अक्षता टाकतात. संसार मोडलेला ऐकलायस का त्यापायी एक तरी? तसंच तुझ्या विद्वानांचं. नावावरून धर.”

कुमुद कळशी तिथंच टाकून घरी पळाली. पंचांगाच्या शेवटच्या पानावर अक्षरं होती: तो, ना, नी, नू, ने, नो, या, यी, यू. हे म्हणजे घबाडच निघालं. बाळाला मांडीवर थोपटता थोपटता तिनं लिहून काढलं: याज्ञवल्क्य, नारद, युधिष्ठिर, नचिकेता, नागार्जुन, नाना फडणवीस, न्यूटन. अश्वविद्या जाणणारा नकुल. नेपोलियन. शेवटी, जरा भीत भीत, यम.

निमी शेजारी बसून अक्षरांचं गाणं करून म्हणत होती. तिला ते दोन दिवसांत पाठ झालं. ‘तो-ना-नी-नू’ म्हणत ती पोफळींतून उड्या मारत फिरायची, आणि जो भेटेल त्याची रास सांगायची.

कच्ची यादी शेऱ्यासह आली. नेपोलियन तांबड्या शाईनं खोडला होता: ‘लढाई ही विद्या नव्हे. शिवाय कैदेत वारला.’ यमापुढे प्रश्नचिन्ह होतं.

“निमे, आजोबांना सांग, चित्रगुप्त लिहितो ते वाचतो कोण? यमच ना?”

निमी गेली. “आजोबा, आई म्हणते यम तुमच्यासारखा आहे. कारकून लिहितो आणि तो सही करतो.”

तात्यांनी टाक उचलला. मग यमापुढे त्यांनी ‘ग्राह्य’ लिहिलं. मात्र खाली दोन ओळी वाढल्या: ‘नऊ झाले. एक कमी. तसेच हे इसम विद्वान होते यास सरकारी कागदाचा पुरावा नाही. यादी रीतसर नमुन्यात, अनुक्रम, इसमाचे नाव, राहणार, धंदा, अशा रकान्यांनी, स्वच्छ अक्षरात सादर करावी.’

विश्वंभराचं अक्षर मोत्यासारखं. त्यानं यादी कचेरीत नेली आणि मधल्या सुट्टीत दप्तरी कागदावर छान रकाने आखून उतरली. डोक्यावर ‘मौजे नागाव’ लिहिलं, कारण अर्जदार नागावची. ‘राहणार’चा रकाना कोरा राहिला, कारण पत्ते कुणालाच ठाऊक नव्हते. धंदा मात्र त्यानं विचार करून भरला. याज्ञवल्क्य, अध्यापन. नारद, फिरस्ती. नाना फडणवीस, कारभार. यम, न्यायखाते. इतक्यात साहेबांनी हाक मारली, तो उठून गेला, आणि त्या टेबलावर त्या दिवशी नागावच्या वाड्यांच्या मोजणीचं दप्तर सुटं पडलेलं होतं; यादी त्यातच बांधली गेली.

पुढच्या सोमवारी नामा शिपाई पट्टा चढवून नागावात आला. त्याच्या हातात नऊ नोटिसा होत्या. पहिल्यांदा तो मनुबाईंच्याच अंगणात शिरला.

“मावशी, नारद कंच्या वाडीत ऱ्हातात?”

“कोण?”

“नारद. धंदा फिरस्ती. फुडल्या बुधवारी मोजनी हाय, समक्ष हजर ऱ्हावं लागतंय. न्हाय आलं तर मागनं तक्रार ऐकनार न्हाय.”

मनुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, “ते आत्ताच गेले बाबा. वीणा घेऊन. तू असं कर, तात्यांकडे जा. त्यांच्या सुनेनं सगळ्यांना उतरवून घेतलंय.”

पण नामा सरळ आला नाही. सरकारी माणूस, त्यानं रीतीप्रमाणे घरोघर चौकशी केली. न्यूटन हा नवा पाद्री असेल म्हणून समुद्रापर्यंत जाऊन आला. यमाची नोटीस घेऊन तो एका म्हाताऱ्याच्या दारी उभा राहिला, तर म्हातारा उठून आत गेला आणि त्यानं कडी लावून घेतली. दुपारपर्यंत साऱ्या नागावला कळलं की, तात्यांची सून माणसांच्या राशी लावून त्यांच्या जोडीचे थोर लोक काढून देते.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या दारी रीघ लागली. कुणी पाच नारळ घेऊन आला, कुणी केळफूल. “वैनी, माजं बी बघा की.” बाळ रडायचा, पोळी करपायची, आणि कुमुद उंबऱ्यात बसून लोकांना थोर माणसं वाटायची. निमी अक्षर सांगे, ती नाव काढी. वाडीवरचा गडी रावजी आला. त्याला तिनं सहज सांगितलं की, रावजी म्हणजे तूळ, आणि तूळ म्हणजे प्रभू रामचंद्रांची रास.

तीच चूक झाली. सुपारी उतरवायचे दिवस, आणि रावजी पोफळीखाली घोंगडी टाकून बसला.

“रावजी, चढ की,” तात्या म्हणाले.

“रामाच्या राशीचा मानूस पोफळीवर चडतो व्हय, तात्या?”

“तुझ्या राशीचा रावणही होता.”

“त्यो तरी कुठं चडला?” रावजी शांतपणे म्हणाला. “आनि तुमी बी माज्याच राशीचं. तात्या म्हंजी तूळ. निमीताईनं सांगितलं. आपन दोगं बसू.”

“तात्या हे नाव नव्हे, हाक आहे,” तात्या म्हणाले. पण पाच गड्यांसमोर हा खुलासा करावा लागला हेच त्यांना लागलं. ते घरात आले तो ओटीवर अनंतभट वाट पाहत होते. त्यांचं म्हणणं असं की, आता यजमान दक्षिणा ठेवायच्या आधी ‘आमच्या राशीत कोण’ म्हणून विचारतात, आणि निमी परवा रस्त्यात त्यांना ‘मेष’ म्हणाली. त्यांच्या मागोमाग नामा शिपाई आला. नऊ नोटिसा तशाच हातात.

“तात्या, एक बी लागली न्हाय. सायब माजी भाकरी काढंल.”

त्यानं नोटिसा पुढे केल्या. वर टाचलेल्या यादीचं अक्षर तात्यांनी ओळखलं. पोटच्या पोराचं अक्षर. त्यांचा चेहरा उतरला. दाराआड कुमुदनं बाळाला घट्ट धरलं. नवऱ्याची नोकरी, सासऱ्यांची अब्रू आणि निमीची शाळा, तिन्ही एका यादीनं बुडणार, हे तिला लख्ख दिसलं. तिला वाटलं, आता सुपारीसुद्धा न फोडता निकाल लागेल.

“यादी रद्द,” तात्या म्हणाले. “अर्ज निकालात काढला.”

निमी आजोबांच्या आणि दाराआडच्या आईच्या मधे उभी होती. तिला कुणी निरोप दिला नव्हता, म्हणून तिला काय बोलावं कळेना. ती नुसतीच पाटीएवढ्या कोऱ्या चेहऱ्यानं इकडून तिकडे बघत राहिली.

पण नोटिसा अजून तात्यांच्या हातात होत्या, आणि अठ्ठावीस वर्षांत तात्यांच्या हातून एकही कागद शेऱ्याविना पुढे गेला नव्हता. शिवाय पोराला वाचवायचं तर नोटिसा कचेरीत अशा परत जायला हव्या होत्या की, तिथं कुणी दुसऱ्यांदा वाचू नयेत. त्यांनी दौत मागितली. एकेक नोटीस गुडघ्यावर घेतली आणि पाठीमागे लिहीत गेले, लिहिताना स्वतःशीच मोठ्यानं म्हणत गेले.

“इसम याज्ञवल्क्य, थोर विद्वान, मयत, वारस नाहीत. इसम नारद, बहुश्रुत, हयात, त्रिभुवनात फिरतीवर, परतण्याची तारीख अनिश्चित. इसम न्यूटन, गणितशास्त्री, मयत, सबब गैरहजर. इसम नकुल, पशुवैद्यकाचे जाणकार, हिमालयाच्या वाटेवर पडले. इसम यम, न्यायाधीश. हयात. पत्ता सर्वांस माहीत. बजावणीस कोणी तयार नाही.”

नवव्या नोटिशीवर सही करून त्यांनी टाक ठेवला. नामा नमस्कार करून निघाला. तेव्हा दाराआडून अगदी हलका आवाज आला.

“निमे, आजोबांना म्हणावं, हा सरकारी कागद झाला ना?”

निमी पुढे झाली. या खेपेला तिनं निरोप जसाच्या तसा सांगितला.

तात्यांनी नामाच्या हातातल्या नोटिसांकडे पाहिलं, अनंतभटांकडे पाहिलं. नऊ विद्वान त्यांच्याच सहीनिशी दप्तरी दाखल होत होते. कारकुनाला दुसरं काहीही नाकारता येईल; स्वतःचा शेरा नाकारता येत नाही.

“नऊ,” ते शेवटी म्हणाले. “दहा म्हटलं होतं. आज नवमी. दिवेलागण होत आली.”

खरंच उन्हं पोफळींच्या शेंड्यांवर गेली होती. कुमुदच्या डोळ्यांपुढे काहीच अक्षर येईना. ना, नी, नू, सगळे संपले होते. मनुबाईंनी मागल्या दारातून हळूच सुचवलं, “नरकासुर?” अनंतभटांनी प्रथमच समाधानानं मान डोलावली, म्हणून कुमुदनं ते नाव सोडून दिलं.

तेव्हा स्वयंपाकघरातून आनंदीबाई बाहेर आल्या. कुमुदच्या सासूबाई. तीन आठवडे या घरात एवढं रामायण झालं, पण त्या एका शब्दानं मधे आल्या नव्हत्या. उद्याच्या दसऱ्याचं पुरण वाटत होत्या; हाताला डाळ होती.

“नळराजा घाला,” त्या म्हणाल्या.

“नळ?” तात्या म्हणाले. “फाशांवर राज्य घालवलं त्यानं. विद्या कसली त्याला?”

“रांधायची. त्याच्यासारखं रांधणारा झाला नाही म्हणतात.”

“ती काय विद्या झाली?”

आनंदीबाईंनी हात पदराला पुसले. “चाळीस वर्षं झाली मला या चुलीशी. विद्या नाही म्हणता? बरं. मग उद्याच्या पुरणपोळ्या तुम्ही करा. भटजींचंही पान आहे. तेही आताच सांगतील, नळाला विद्या होती की नव्हती.”

अनंतभट घसा खाकरून म्हणाले की, पाकशास्त्र हे शास्त्रच, आणि त्याबद्दल ग्रंथात स्पष्ट आधार आहे. ग्रंथाचं नावही त्यांनी सांगितलं असतं. पण तेवढ्यात तात्यांनी पानाचा डबा ओढला. आनंदीबाई तिथंच, हात कमरेवर ठेवून, उभ्या राहिल्या.

कट्.

“ग्राह्य,” तात्या म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. नव्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, तिला हळदकुंकू वाहिलं होतं. शाळेत पोचवायला तात्या स्वतः जाणार होते; ओटीवर पगडी घालून, छत्री काखोटीला मारून ते केव्हाचे बसले होते. माजघरात कुमुद निमीची वेणी घालत होती. बाळ तिच्या मांडीला टेकून झेंडूचं फूल चोखत होता.

“आई, तुझी रास कुठली गं?” निमीनं विचारलं.

“कुमुद. कु म्हणजे मिथुन. हलू नको.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशी असेल? माहेरी मी यमू होते.” वेणीचा पेड घट्ट करत कुमुद सहज बोलून गेली.

निमीच्या ओठांतल्या ओठांत ‘तो-ना-नी-नू’ सुरू झालं. ते ‘या’पाशी येऊन थांबलं, आणि ती वेणी हातातून ओढून घेत सबंध वळली.

“म्हणजे तू आमच्यातली होतीस. माझ्या आणि न्यूटनच्या.”

कुमुदच्या हातात रिबीन तशीच राहिली. तीन आठवडे ती याच अक्षरांतून माणसं शोधत होती, सगळं जग धुंडाळलं होतं, आणि यमू तिला एकदाही आठवली नव्हती. तिची पत्रिका कुणी केलीच नव्हती. यमू या नावावरूनच गुण जुळवले होते, चांगले सव्वीस जुळले होते. आणि लग्न लागल्यावर विश्वंभरानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘कुमुद’ असं मोत्यासारखं लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि ते तांदूळ डब्यात ओतले.

ओटीवरून तात्या खाकरले. निमीला उशीर होत होता. तरी ती हलली नाही. आईच्या तोंडाकडे टक लावून तिनं विचारलं, “मग तुझं नाव बदललं, तेव्हा ती रास कुठे गेली?”